दोन मिलिग्रॅमची खोटी हमी

नालासोपाऱ्यात अलीकडे एक आरोग्य मेळावा झाला. तिथे व्यासपीठावरून लोकांना बजावून सांगितलं गेलं की दात काढायचा असो वा टाके घालायचे असोत, जागा सुन्न करायचं इंजेक्शन टेस्ट केल्याशिवाय घेऊ नका. टेस्ट न करता सुई लावणारा डॉक्टर निष्काळजी समजा. आणि एकदा का त्या इंजेक्शनने त्रास झाला असेल, तर जन्मात पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. टाळ्या पडल्या. वक्त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, म्हणून नाव घेत नाही. पण हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे माणसांचं नुकसान होतं. भूलतज्ज्ञ म्हणून बॅग घेऊन वसई ते विरार एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात फिरताना हे नुकसान मी इतकी वर्षं पाहिलं आहे, की आता त्यावर न लिहिणं मला अपराधासारखं वाटतं.

आधी टेस्टचं बघू. आपल्याकडे जागा बधिर करायला सर्वांत जास्त वापरतात ते लिग्नोकेन. कुणी त्याला झायलोकेन म्हणतं, कुणी लॉक्स. लॉक्स बनवणाऱ्या निऑन लॅबोरेटरीजचा कारखाना आपल्याच पालघरमध्ये आहे, म्हणजे औषध तसं घरचंच. टेस्ट म्हणजे काय करतात, तर हाताच्या कातडीत ०.१ मिलिलिटर टोचायचं, पंधरा मिनिटं बसवायचं, गांध उठली नाही तर 'चालतं' म्हणून पुढे जायचं. दोन टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे टेस्टमध्ये गेलं २ मिलिग्रॅम.

आता हिशोब करा. पन्नास किलो वजनाच्या बाईला साधं लिग्नोकेन किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅमपर्यंत द्यावं असा दंडक आहे, म्हणजे २२५ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या बाटलीतून हे झाले जेमतेम ११ मिलिलिटर. ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅमवर, म्हणजे साडेसतरा मिलिलिटरवर जाते. पण टेबलावर उभी असते ती ३० मिलिलिटरची बाटली, आणि तिच्यात असतं ६०० मिलिग्रॅम. मोठी गाठ काढताना रुग्ण 'दुखतंय' म्हणतो, आणखी पाच मिलिलिटर जातं. पुन्हा म्हणतो, पुन्हा जातं. किती गेलं हे कुणी मोजलेलं नसतं, वजन कुणी विचारलेलं नसतं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, जीभ जड होणं, मग झटके आणि शेवटी हृदयाची लय बिघडणं, असा हा विषबाधेचा प्रवास आहे. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर याहून कमी डोसमध्येही तो होतो. या संकटाबद्दल ते कातडीतले २ मिलिग्रॅम एक अक्षरही सांगत नाहीत. उलट 'टेस्ट झाली आहे' या समाधानात सलाइन लावायचं राहतं, पुढे सरकवण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येतं का ते पाहायचं राहतं, तातडीच्या औषधांचा ट्रे कपाटात राहतो.

ॲलर्जी तरी कळते का? ज्याला पूर्वी कधीच काही झालेलं नाही, अशा माणसात ही टेस्ट करून हाती काही लागत नाही. नुसत्या सुईच्या टोचण्याने आणि द्रावणाच्या जळजळीनेही कातडी लाल होते. ती लाली पाहून निरोगी माणसावर ॲलर्जीचा शिक्का बसतो. खऱ्या ॲलर्जीचा संशय असतो तेव्हा करायची तपासणी वेगळीच असते. आधी कातडीवर थेंब ठेवून टोचणी, मग शंभरपट पातळ केलेलं औषध कातडीत, मग कातडीखाली टप्प्याटप्प्याने वाढता डोस, आणि पूर्ण वेळ नाडी, रक्तदाब, श्वास यांवर नजर. ती इतिहास ऐकून, तयारीनिशी करतात. दवाखान्याच्या बाकावर बसवून केलेल्या ठिपक्याला त्या तपासणीचं नाव देणं बरोबर नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, सगळं मान्य, पण उद्या काही झालं तर नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'टेस्ट केली होती का?' हाच येणार आणि कोर्टातही तोच. त्यांची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण हा प्रश्न लोकांच्या तोंडी घातला कुणी? आपणच, वर्षानुवर्षं हा विधी करून. नातेवाइकांनी खरं तर विचारायला हवं की वजन किती धरलं होतं, किती मिलिग्रॅम दिलं, ॲड्रेनलिनची सिरिंज हाताशी होती का, आणि वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन इमारतीत कुठे ठेवलं होतं. या चार प्रश्नांची लेखी उत्तरं केसपेपरवर असतील तर डॉक्टरची बाजू ठिपक्याच्या टेस्टपेक्षा कितीतरी भक्कम असते.

लिपिड इमल्शनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या औषधांवर 'आता संशोधन कसलं उरलंय' असं म्हणणाऱ्यांनाही ते उत्तर आहे. कमरेतल्या भुलीसाठी आणि नसांच्या ब्लॉकसाठी आम्ही जे ब्युपिव्हाकेन वापरतो, ते जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर हृदय असं थांबवतं की मसाज देऊन ते सुरू होणं फार कठीण. १९७९ मध्ये याचा इशारा दिला गेला आणि भूलशास्त्र हादरलं. मग १९९८ मध्ये अमेरिकेत गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं की शिरेतून द्यायचं चरबीचं पांढरं द्रावण, जे एरवी न जेवू शकणाऱ्या रुग्णाला पोषण म्हणून देतात, ते या विषबाधेतून हृदय परत आणतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हृदय थांबलेल्या एका रुग्णाला ते दिलं आणि तो वाचला, अशी पहिली नोंद छापून आली. आज किलोमागे १.५ मिलिलिटर हा पहिला डोस प्रत्येक भूलतज्ज्ञाला पाठ असावा लागतो. आपल्या पट्ट्यातल्या किती नर्सिंग होममध्ये ती बाटली आहे, हा प्रश्न मेळाव्याच्या व्यासपीठावरून विचारला गेला असता तर मी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या असत्या.

आता दुसरा सल्ला, 'एकदा त्रास झाला की कायमचं बंद'.

काही वर्षांपूर्वी वसईच्या पाचूबंदरची एक मासळीवाली माझ्या यादीत आली. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला होता, चार दिवसांत हात पुवाने टरारला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुना केसपेपर, केसपेपरवर लाल शाईत इंग्रजीत 'लोकलची ॲलर्जी'. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "डॉक्टर, मना ते सुन्नाचं इंजेक्शन चालत नाय." दोन दवाखान्यांनी तो कागद पाहून तिला परत पाठवलं होतं. माझ्याकडे आली ती पूर्ण भूल देऊन पू काढायचा म्हणून. बाईला दमा, सकाळी भाकरी खाऊन आलेली, आणि हात तर थांबू शकत नव्हता. भरल्या पोटी, दम्याच्या रुग्णाला पूर्ण भूल देणं म्हणजे उलटी श्वासनळीत जाण्याचा धोका, नळी घालताना छाती आवळण्याचा धोका. लाल शाईच्या त्या शब्दामुळे ती सुरक्षित रस्त्यावरून धोक्याच्या रस्त्यावर ढकलली गेली होती.

मी तिला विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं ते सांगा. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दाढ दुखत होती, रात्रभर झोप नाही, पोटात काही नाही, उन्हातून चालत गेलेली. खुर्चीत बसवलं, सुई पाहिली, टोचली. अंगाला गार घाम, डोळ्यांपुढे काळोख, कानात सूं सूं. मग काही आठवत नाही. खुर्ची मागे पाडली, पाय वर केले, दोन मिनिटांत शुद्ध आली. खाज? नाही. गांधी? नाही. ओठ, जीभ सुजली? नाही. श्वास कोंडला? नाही. 'नाडी मंद झाली होती असं डॉक्टर म्हणाले,' हे तिच्या मुलाला आठवत होतं.

याला मराठीत घेरी म्हणतात. भीती, उपास, उकाडा आणि बसलेली अवस्था यांनी नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. शिरेत सलाइनची सुई लावतानाही ती येते, पण त्यावरून कुणी सलाइनची ॲलर्जी लिहीत नाही. खऱ्या ॲलर्जीत चित्र जवळजवळ उलटं असतं : नाडी पळते, अंगावर गांधी उठतात, चेहरा सुजतो, छातीत शिट्टी वाजते, आणि पाय वर करून ते थांबत नाही, मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्यावं लागतं. या दोन्हींतला फरक ओळखायला नाडीवर बोट ठेवणं आणि चार प्रश्न विचारणं पुरतं. अकरा वर्षं ते कुणी विचारले नव्हते.

तिला झोपवून, सलाइन लावून, ट्रे उघडा ठेवून, टिकवण्याचं रसायन न घातलेल्या छोट्या ॲम्प्यूलमधलं ॲड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन आधी अगदी थोडं, मग वाढवत दिलं. काही झालं नाही. पुवाच्या जागी औषध नीट चढत नाही, तिथली आम्लता ते निकामी करते, म्हणून मनगटापाशी नसांचा ब्लॉक दिला. पंधरा मिनिटांत सर्जनने पू काढला. ती जागी होती आणि मुलाला बाजारातल्या उधारीचं सांगत होती.

असे शिक्के सर्रास असतात. डेन्मार्कमधल्या एका ॲलर्जी केंद्राने पाच वर्षांत अशा संशयाच्या दीडशेहून अधिक रुग्णांना तेच औषध काळजीपूर्वक पुन्हा देऊन पाहिलं. तातडीची ॲलर्जी एकालाही निघाली नाही. एकूण त्रासांपैकी खऱ्या ॲलर्जीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, असं वैद्यकीय ग्रंथ सांगत आले आहेत. बाकीचं काय असतं? घेरी. ॲड्रेनलिनमुळे होणारी धडधड आणि थरथर, जी चार-पाच मिनिटांत ओसरते. जास्त डोस. आणि औषधासोबत आलेली दुसरी मंडळी : मोठ्या बाटलीत टिकण्यासाठी घातलेलं मिथाइलपॅराबेन, ॲड्रेनलिन टिकावं म्हणून घातलेलं सल्फाइट, हातमोज्यांचं रबर, कातडी पुसायला वापरलेलं क्लोरहेक्सिडिन, त्याच वेळी दिलेलं अँटिबायोटिक. चोर दुसराच असतो आणि पकडला जातो लिग्नोकेन. यात दुहेरी नुकसान आहे, कारण खरा चोर मोकळा फिरतो आणि पुढच्या ऑपरेशनला पुन्हा भेटतो.

या बदनामीला एक जुना इतिहासही आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर केला. मग विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आलं. ही एस्टर घराण्यातली औषधं. प्रोकेन शरीरात फुटून पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल बनतं आणि त्याची ॲलर्जी खरोखर येत असे. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी बनवलेलं लिग्नोकेन अमाइड घराण्यातलं आहे, ते असं फुटत नाही. लोकांच्या आणि काही डॉक्टरांच्याही मनात मात्र प्रोकेनचं पाप लिग्नोकेनच्या खात्यावर राहिलं.

मग ॲलर्जी नसतेच का? असते, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. लिग्नोकेनचीही खरी, जीवघेणी प्रतिक्रिया क्वचित नोंदली गेली आहे. मलमांची गोष्ट वेगळी : बेन्झोकेन किंवा मूळव्याधीच्या काही मलमांतलं सिंकोकेन लावून दोन दिवसांनी कातडी फुटणारे रुग्ण आहेत, त्यांना पॅच टेस्ट हवी. ज्याच्या अंगावर सुईनंतर मिनिटांत गांधी उठल्या आणि छाती आवळली, त्याने पूर्ण तपासणी होईपर्यंत दूरच राहावं. माझा वाद आहे तो विचारपूस न करता लिहिलेल्या त्या एका शब्दाशी.

आणि या शब्दाची किंमत आता वाढली आहे. विरारहून पहाटेची फास्ट लोकल पकडून दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका कमी नाहीत. त्याच टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ पासून एक चाचणी चालवली. देशातली ११ केंद्रं, १,६०० स्त्रिया, सुरुवातीच्या टप्प्यातला, थेट शस्त्रक्रिया करता येईल असा स्तनाचा कर्करोग. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती अर्ध्या टक्क्याचं लिग्नोकेन टोचलं, बाकीच्यांना नाही. पुढचा उपचार दोन्ही गटांचा सारखा. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६; एकूण जगणाऱ्यांचं ९०.१ विरुद्ध ८६.४. हे निष्कर्ष २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त छापले गेले. कल्पना अशी की शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्या पेशी चाळवतात, आणि त्या पेशींवरचे सोडियमचे दरवाजे लिग्नोकेन बंद करतं.

यावर दोन टोकांची मतं ऐकतो. एक, 'शंभर रुपयांच्या आतल्या औषधाने कॅन्सर कसा अडेल, काहीतरी गडबड आहे.' दुसरं, मोबाइलवर फिरणारं, 'टाटाने कॅन्सर बरा करणारं इंजेक्शन शोधलं.' दुसरं तर सरळ खोटं आहे. हे इंजेक्शन शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांच्या जागी येत नाही. शंभर जणींत साधारण चार जणी जास्त वाचतात, एवढंच त्याचं म्हणणं. पहिल्याला मी म्हणतो, औषधाची किंमत हा पुराव्याचा निकष कधीपासून झाला? आक्षेप घ्यायचाच तर योग्य जागी घ्या : चाचणीत कुणाला इंजेक्शन मिळालं हे लपवलेलं नव्हतं, दुसऱ्या गटाला नुसतं पाणी टोचलेलं नव्हतं, आणि इतर देशांतल्या मोठ्या चाचण्यांनी अजून दुजोरा द्यायचा आहे. हे आक्षेप मीही घेतो. स्वस्त औषधांच्या मागे कंपनीचा पैसा उभा राहत नाही, म्हणून अशी चाचणी सार्वजनिक रुग्णालयातच होऊ शकते आणि म्हणून तिची किंमत मला जास्त वाटते. आता सांगा, पाचूबंदरच्या त्या बाईच्या छातीत उद्या गाठ सापडली असती आणि फाइलवर तो लाल शब्द असता, तर कोणता सर्जन लिग्नोकेनची सिरिंज हातात घेणार होता?

नव्या उपयोगांबद्दल मी सगळं स्वीकारत नाही. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शिरेतून लिग्नोकेन सोडलं की आतडं लवकर हलू लागतं, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं आणि आम्हीही आशेने ऐकलं. ब्रिटनमध्ये शेकडो रुग्णांवर झालेल्या ॲलेग्रो चाचणीत तो फायदा दिसला नाही. तेव्हा ते सोडून द्यायला हवं. विंचवाच्या दंशावर लिग्नोकेनने कळ थांबते, पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं त्याप्रमाणे हृदय वाचवतं ते प्राझोसिन. कळ थांबली म्हणून रुग्णाला घरी पाठवणं घातक.

उलट वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून प्रेसखाली बोट सापडून येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगाची आहे. बोटात ॲड्रेनलिन घातलेलं लिग्नोकेन कधीच द्यायचं नाही, बोट काळं पडतं, हे आम्हाला शिकवलं गेलं. कॅनडातले डोनाल्ड लालोंद आणि इतरांनी जुनी प्रकरणं खणून काढली तेव्हा दिसलं की ती बहुतेक प्रोकेनच्या काळातली होती, साठवणीत आम्ल झालेल्या औषधाची. आज ते मिश्रण देऊन, दंडाला पट्टा न आवळता, पूर्ण भूल न देता तुटलेली कंडरा जोडतात आणि टेबलावरच रुग्णाला बोट हलवायला सांगून जोड सुटतो का ते पाहतात. बोटाचा रक्तपुरवठा आधीच धोक्यात असेल तिथे हे करायचं नाही, हे भान ठेवून. ज्या मुलाच्या फाइलवर 'लोकलची ॲलर्जी' लिहिलेलं असेल, त्याला हेही बंद.

म्हणून डॉक्टरांकडे माझी मागणी अशी आहे : 'ॲलर्जी' लिहू नका, घडलं ते लिहा. कोणतं औषध, किती टक्के, किती मिलिलिटर, ॲड्रेनलिन होतं का, बाटली कोणती, किती मिनिटांनी काय झालं, नाडी किती, रक्तदाब किती, कशाने बरं वाटलं. मराठीत लिहा, म्हणजे रुग्णालाही वाचता येईल. आणि मेळाव्यातल्या त्या वक्त्यांना विनंती, पुढच्या वेळी टेस्टऐवजी हे लोकांना मागायला शिकवा.

मासळीवालीला मी तसाच कागद लिहून दिला होता. गेल्या वर्षी एका दंतवैद्याचा फोन आला. ती खुर्चीत होती, तीच जुनी दाढ, कागद त्यांच्या हातात. त्यांनी विचारलं, तरीही एकदा टेस्ट करून घेऊ का? मी म्हटलं, आधी तिला काही खायला द्या, खुर्ची आडवी करा, किती मिलिलिटर देताय ते लिहून ठेवा. दाढ निघाली, आणि दुसऱ्या दिवशी ती बाजारात तिच्या जागेवर बसली होती.